फिनेलमावशीचा अंगठा

माणसाच्या अंगातून काय काय बाहेर पडतं याची यादी करायची झाली, तर फिनेलमावशीइतकी लांब यादी एखाद्या डॉक्टरलाही जमणार नाही. घाम, लाळ, शेंबूड, रक्त, केस, नखं, खपल्या, ओकारी. वीस वर्षं तिने हे सगळं दवाखान्याच्या फरशीवरून पुसलं आणि पुढची अकरा वर्षं कुस्तीच्या हॉलमधल्या गादीवरून. दोन्हींत दवाखाना बरा, असं तिचं स्पष्ट मत होतं. तिथली माणसं निदान आजारी तरी असतात.

हॉल म्हणजे एके काळचं टायरांचं गोदाम. ऊन तापलं की भिंतींतून अजून रबराचा वास सुटायचा. त्यात पोरांच्या मोज्यांचा वास मिसळला की जे काही तयार व्हायचं, त्याला मावशीकडे शब्द नव्हता. ती नुसती "शी!" म्हणायची. दिवसातून शंभरदा म्हणायची. पोरांनी तिचं नाव फिनेलमावशी ठेवलं होतं, हे तिला माहीत होतं आणि आवडतही होतं. निदान या उकिरड्यात कुणाच्या तरी नावाला चांगला वास होता.

तिची कामाची रीत ठरलेली. दोन बादल्या, दोन पोछे. लाल बादली दाराच्या वाटेसाठी, जिथे बूट फिरतात. निळी बादली गादीसाठी. गादी पुसायची ती मधून कडेकडे, कधीच कडेकडून मध्ये नाही. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "स्वच्छाकडून घाणीकडे जायचं. उलटं गेलीस तर तू पुसत नाहीस, पसरवतेस." हे वाक्य मावशीने आयुष्यभर सांभाळलं. हातात कोपरापर्यंत रबरी हातमोजे. ते कामाआधी आणि कामानंतर फिनेलमध्ये बुचकळून धुवायचे. एकदा एक नवा शिपाई लाल पोछा घेऊन गादीवर चढला, तर मावशीने त्याला असा झापला की त्याने पुढच्या आठवड्यात नोकरीच सोडली.

हंगामात तर तिला तिथे पाऊल टाकवत नसे. दर शनिवारी शाळाशाळांच्या लढती. वजन ठरलेल्या गटात बसवायचं म्हणून पोरं दोन दोन दिवस पाणी पीत नसत, तोंडात चघळायची गोळी धरून बाटलीत थुंकत बसत. थुंकीने भरलेल्या बाटल्या बाकाखाली सापडायच्या. कुणी कचऱ्याच्या डब्यात ओकलेलं, कुणी डब्याच्या शेजारी. आणि वर कट्ट्यावर आईबाप बसून ओरडत, "फाड त्याला! फाड!" पोरगं हरलं की हेच बाप त्याच्याशी घरापर्यंत बोलत नसत. मावशीला थुंकीपेक्षा त्यांची जास्त किळस यायची. थुंकी पुसता तरी येते.

अशा ठिकाणी स्वतःची भाची आणून टाकण्याचा तिचा अजिबात विचार नव्हता.

भाची तिच्या धाकट्या बहिणीची. बहीण शाळांचे गणवेश शिवायची. तिघी एकाच घरात राहत, दोन खोल्या आणि एक मोरी. पोरगी सोळा वर्षांची, अंगाने बारीक, एका जागी म्हणून बसत नसे. तिला घरात खार म्हणत. खारीने शाळेत कुस्ती घेतली तेव्हा मावशी दोन दिवस जेवली नाही. "परक्या माणसांच्या घामात लोळायचं? हौसेने?" खारीने ऐकलं नाही. त्या हंगामात ती सात लढती लढली आणि सातही हरली. सगळ्यांत लांबलेली लढत पन्नास सेकंदांची होती.

"जिंकत नाहीस तर सोड ना," मावशी म्हणाली.

"मी जिंकू कशी? आमच्या शाळेत माझ्या वजनाचं आहे कोण? एक पोरगी आहे, ती माझ्याहून आठ किलोने कमी. तिला मी पाडते. ती पडते. आम्ही दोघी घरी जातो. मग काय भिंतीशी लढू?"

याचं उत्तर मास्तरांकडे होतं. मास्तर म्हणजे या हॉलचे प्रशिक्षक, दोन्ही कान कुस्तीत चेपलेले, बोलणं मोजकं. हंगाम संपला की ते विभागातल्या नऊ शाळांची पोरं एकत्र करून चार महिने सराव घ्यायचे. त्यांनीच मावशीला थांबवून सांगितलं, "भाचीला पाठवा. हंगामात पोरं लढतात, शिकत नाहीत. दर शनिवारी निकाल लागणार म्हटल्यावर नवा डाव कोण करून बघेल? जे येतं तेच करतात. इथे निकाल नाही, वजन नाही, कट्ट्यावर कुणी नाही. आणि नऊ शाळांत मिळून तिच्या वजनाच्या तीन मुली आहेत. तिला पडायला तरी माणूस मिळेल."

"पडायला माणूस!" मावशीने घरी जाऊन बहिणीला सांगितलं. "ऐकलंस? आता पडायला माणूस लागतो म्हणे." पण खार टक लावून बघत होती. शेवटी मावशीने अटी घातल्या. हॉलमध्येच अंघोळ, स्वतःचा साबण, स्वतःचा टॉवेल, आणि घरात आल्यावर कपडे थेट बादलीत.

पहिले दोन आठवडे खार नुसती पडली. तिला पाडणारी होती शिडी. शिडी सगळ्यांत लांबच्या शाळेची. हात लांब, पाय लांब, मान तर विचारू नका. वजन मात्र खारीइतकंच. त्या शाळेची पोरं शेवटच्या बसने यायची आणि नेहमी दहा मिनिटं उशिरा, धावत, घामेघूम. मावशीला ती शाळा पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. सराव सुरू व्हायच्या आधीच घाम! त्यांच्या पिशव्या मळकट, बूट एकमेकांत वाटून घातलेले. शी!

मास्तर एकच पट चाळीस वेळा काढायला लावायचे. पट म्हणजे समोरच्याच्या पायांवर झेपावून त्याला उचलून पाडायचं. खार झेपावली की शिडी लांब हात तिच्या मानेवर ठेवून तिला तिथल्या तिथे दाबून टाकायची. मग थांबून स्वतःच सांगायची, "तुझं डोकं खाली जातंय. वर बघून ये." हे मावशीला विचित्र वाटायचं. हंगामात दुसऱ्या शाळेच्या पोराला कुणी त्याची चूक सांगणार नाही, ही बया खारीला तिची चूक सांगत होती. म्हणजे हिला नीट पाडता यावं म्हणून? की खारीने नीट पाडावं म्हणून? मावशीने पोछ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून हे बराच वेळ बघितलं आणि मग आपण बघत बसलो याचाच तिला राग आला.

पण गादी खोटं बोलत नाही. मावशी रोज ती पुसायची, त्यामुळे कोण कुठे लोळलं हे तिला घामाच्या पट्ट्यांवरून कळायचं. पहिल्या आठवड्यात खारीच्या कोपऱ्यातल्या पट्ट्या सगळ्या कडेला होत्या, भिंतीच्या अंगाला. म्हणजे पोरगी मागे मागे सरत होती. महिन्याने त्या अर्ध्यावर आल्या. पाचव्या आठवड्यात घामाचं थारोळं बरोब्बर मधल्या वर्तुळात होतं, त्यात शिडीच्या वेणीतून सुटलेलं लाल रबर पडलं होतं. मावशीने ते दोन बोटांच्या चिमटीत उचललं, तोंड वाकडं करून डब्यात टाकलं, आणि पुसता पुसता तिला हसू फुटलं.

त्याच आठवड्यात गजकर्ण निघालं.

पहिल्याने ते भोपळ्याच्या गुडघ्यावर दिसलं. भोपळा म्हणजे सगळ्यांत वजनदार पोरगा, घरी तीन मांजरं. गोल लाल कडा, मधे फिकट, खाजवून खाजवून कातडं सुटलेलं. चार दिवसांनी आणखी दोघांच्या हातांवर. कुस्तीत हे नवं नाही, कातड्याला कातडं घासतं, एकाचं दुसऱ्याला लागतं. वेळेत पकडून पोराला दोन आठवडे बाहेर ठेवलं आणि मलम लावलं की मिटतं. मास्तरांनी नियम केला, रोज आत शिरण्याआधी दारात रांग, प्रत्येकाचं अंग तपासायचं. तपासणार कोण? मावशी. दवाखान्यात वीस वर्षं काढलेली दुसरी होती कोण?

मावशीला हे काम मनापासून आवडलं, हे कबूल करायला हवं. अकरा वर्षं ती या पोरांच्या मागून पुसत आली होती. आता पोरं तिच्यासमोर उभी होती. ती दारात स्टूल टाकून बसायची, हातमोजे चढवायची आणि एकेकाला पुढे बोलवायची. हात. कोपर. गुडघे. मग डाव्या कानाखाली अंगठा दाबून जबडा वर उचलायचा आणि मान बघायची. "नखं बघ! माती उकरतोस काय?" "कानात काय आहे हे? शेती?" पोरं कानकोंडी व्हायची. एखादा चट्टा संशयास्पद वाटला तर ती अंगठ्याने चांगला चोळून बघायची. गजकर्णाच्या कडेचा चोळल्यावर कोंडा सुटतो, गादीने नुसतं खरचटलेलं असेल तर सुटत नाही. खात्री पटली की, "बाजूला हो! दोन आठवडे तोंड दाखवू नकोस. पुढचा!" रांग झाली की ती हातमोजे फिनेलमध्ये घोळून काढायची.

खारीला ती रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी करायची. घरचं माणूस शेवटी. कुणी म्हणायला नको की भाचीला पुढे घेतलं. आणि तिची मान तर ती दोनदा दाबून बघायची.

तीन आठवडे रोज तपासणी चालली आणि गजकर्ण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. आणखी सात पोरं. त्यातली पाच शेवटच्या बसवाल्या शाळेची.

मग काय, मावशीला हवं ते मिळालं. नाकाने कांदे सोलण्यात ती आधीच पटाईत, त्यात हातात पुरावा. तिने मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी नुसतं ऐकून घेतलं, म्हणून ती थेट कमिटीच्या अध्यक्षांकडे गेली. कमिटी म्हणजे नऊ शाळांचे नऊ साहेब, ज्यांनी गादीवर कधी पाय ठेवला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, त्या शाळेला सराव बंद. आणि यापुढे एक जरी नवा चट्टा निघाला, तरी सरावच बंद, पोरं आपापल्या शाळेत परत.

त्या संध्याकाळी शेवटच्या बसची पोरं धावत आली, तेव्हा दारात मावशी उभी होती. शिडी सगळ्यांत पुढे होती. तिच्या अंगावर एकही डाग नव्हता.

"तुमच्या शाळेला सराव बंद," मावशी म्हणाली. "घरी जा."

"मला कुठे काय झालंय?" शिडीने हात पुढे केले. "बघा ना."

"तुला नाही तर तुझ्या शाळेच्या पोरांना झालंय. एकमेकांचे बूट घालता, एकमेकांचे टॉवेल वापरता. घरी साबण येत नाही का तुमच्याकडे?"

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. शिडीचा चेहरा उतरला नाही, उलट घट्ट झाला. तिने पिशवीची चेन उघडली, आतून प्लास्टिकची हिरवी साबणदाणी काढली आणि झाकण उघडून मावशीच्या नाकासमोर धरली. "येतो," ती म्हणाली. "हा बघा." मग झाकण लावून, पिशवी खांद्याला अडकवून ती वळली. तिच्या मागून तिच्या शाळेची सहा पोरं, बसचं तिकीट फुकट गेलेली.

 खार घरी आल्यावर बोलली. "माझ्या वजनाच्या तीन मुली होत्या. एक आजारी, एक दुसऱ्या वजनात गेली. तिसरीला तू हाकललीस. झालं. आता मी पुन्हा भिंतीशी लढते."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना!"

"माझं भलं तिनं केलं. डोकं वर ठेवून ये, हे मला शाळेत एकदा तरी कुणी सांगितलं का? तू तिला साबण विचारलास, सगळ्यांसमोर. मला लाज वाटली मावशी. तुझी."

मावशीने त्या दिवशी मोरी तीनदा घासली. अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या पोरीला अंगाखांद्यावर वाढवलं ती परक्या घामट पोरीसाठी आपल्यावर उलटते! बहिणीने मशीनवरून मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा टाके घालायला लागली.

अठरा दिवस गेले. अठराव्या दिवशी सकाळी सुट्टी होती. खार मोरीच्या आरशासमोर उभी होती आणि बोटावर कसलीशी क्रीम घेऊन मानेला लावत होती. ही पोरगी कधी तोंडाला पावडर लावत नसे. मावशीने जाऊन तिचा हात धरला आणि ओल्या फडक्याने मान पुसली.

डाव्या कानाखाली, जबड्याच्या हाडाला लागून, गोल लाल कडा.

"कधीपासून?"

"काल रात्रीपासून." खारीचा आवाज चिरकला. "मावशी, कुणाला सांगू नकोस. एक चट्टा निघाला तर सगळं बंद करणार आहेत. मी मलम लावतेय. क्रीमखाली दिसत नाही. तपासणारी तूच आहेस ना? तू नाही बोललीस तर कुणाला कळणार?"

"शिडीने दिलं हे तुला!"

"ती जाऊन अठरा दिवस झाले! तिच्या शाळेचं कुणी आलं पण नाही. कुठून देईल?"

मावशीने चट्टा गजकर्णाचाच आहे का बघायला सवयीने जबड्याखाली अंगठा ठेवला. उघडा अंगठा, हातमोजा नव्हता. आणि तो चट्टा तिच्या अंगठ्याखाली पूर्ण झाकला गेला. ना मोठा, ना लहान. जणू मोजून काढला होता.

 मग तिला बाकीची सात पोरं आठवायला लागली. एकेक. शेवटच्या बसचा तो बुटका, जबड्याखाली. त्याचा मित्र, जबड्याखाली. सगळे डाव्या कानाच्या खाली. आधीच्या तिघांचे चट्टे गुडघ्यावर, हातावर होते, जिथे कुस्ती लागते तिथे. तपासणी सुरू झाल्यानंतरचा एकही चट्टा गुडघ्यावर नव्हता. पहिल्याच तपासणीत तिने भोपळ्याचा गुडघा चोळून बघितला होता, चांगला दाबून, खात्री होईपर्यंत. बाजूला हो, म्हणाली होती. पुढचा, म्हणाली होती. आणि त्याच हातमोज्याने पुढच्याचा जबडा उचलला होता. मग त्याच्या पुढच्याचा. रांगेत जो मागे, त्याच्या मानेवर पुढच्या सगळ्यांचं साठलेलं. शेवटची बस रांगेत मागे. आणि सगळ्यांच्या मागे घरचं माणूस.

हातमोजा तिने रोज दोनदा धुतला होता. रांगेच्या आधी आणि रांगेच्या नंतर. मधे एकदाही नाही. कारण तो तिने स्वतःसाठी घातला होता. या घाणीतलं काही आपल्याला लागू नये एवढंच तिने बघितलं होतं. पोरांना काही लागू शकतं, आणि ते आपल्याकडून, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. स्वच्छाकडून घाणीकडे जायचं, उलटं गेलीस तर पसरवतेस. दुसऱ्याच्या लाल पोछ्यावरून ज्या बाईने माणसाची नोकरी घालवली, तिने अडतीस पोरांच्या मानेवरून तीन आठवडे लाल पोछा फिरवला होता.

 मावशीने तो अंगठा मोरीत साबणाने घासला. पुन्हा घासला. आयुष्यभर तिला दुसऱ्यांची किळस आली होती. स्वतःची यायची ही पहिलीच वेळ, आणि ती पुसायला कुठलाच पोछा नव्हता.

दुपारी तिने बहिणीला सांगितलं. बहिणीने मशीन थांबवली. "मग तू काय करणार?"

"मास्तरांना सांगणार."

"कशाला हात दाखवून अवलक्षण? कुणाला कळलंय का? उद्यापासून हातमोजे बदलत जा. पोरीचं मलमाने जाईल, सराव चालू राहील, तुझी नोकरी राहील."

"आणि ती शाळा?"

बहिणीने पुन्हा मशीन सुरू केली. खार दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मावशी, तुला सगळे हसतील."

"हसू देत," मावशी म्हणाली. पण तिचा जीव त्या कल्पनेनेच अर्धा झाला होता.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात रांग लागली. मावशी स्टुलावर बसली नाही. मास्तर आत शिट्टी शोधत होते, त्यांना तिने हाक मारून बाहेर बोलावलं आणि रांगेसमोरच सांगितलं. मास्तरांना एकट्याला सांगायचं असं ती ठरवून आली होती, पण तेवढा वेळ थांबली असती तर बोलली नसती.

"गजकर्ण मी पसरवलं. एकाला चोळून बघायचे आणि तोच हात पुढच्याला लावायचे. हातमोजा मधे धुतला नाही. बघा, सगळ्यांना इथे झालंय, इथे." तिने स्वतःच्या जबड्याखाली अंगठा दाबून दाखवला. "माझ्या भाचीला पण झालंय. ती शेवटच्या बसची पोरं, त्यांचा काही दोष नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. दिली म्हणजे मी दिली."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकापाठोपाठ एक पोरांचे हात आपापल्या मानेकडे गेले आणि ती मागे सरकली. सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं जे अकरा वर्षं मावशीच्या तोंडावर होतं. आपण असे दिसत होतो तर, असं तिला वाटलं.

मास्तरांनी चेपलेला कान चोळला. मग म्हणाले, "खारीला दोन आठवडे घरी ठेवा. कमिटीशी मी बोलतो. कारण सापडलंय म्हटल्यावर बंद करायला त्यांच्याकडे कारण उरत नाही." आत वळता वळता म्हणाले, "तपासणी मात्र तुम्ही करायची नाही."

कमिटीने दहा दिवस घोळ घातला. साहेबांना स्वतःची चूक कबूल न करता निर्णय फिरवायचा होता, त्याला वेळ लागतो. पण सराव बंद झाला नाही आणि शेवटच्या बसला परत बोलावलं गेलं. मास्तरांनी नवी पद्धत लावली. रोज पोरांतला एक जण पाळीने सगळ्यांना तपासणार. स्वतःचा जबडा प्रत्येकाने स्वतः उचलायचा. आणि कुणाला हात लावलाच, तर पुढच्याकडे वळण्याआधी नळावर जाऊन साबणाने धुवून यायचं. जो गादीला हात लावतो त्याने रांगेत उभं राहायचं. गादीला सगळ्यांत जास्त हात मावशी लावायची.

खारीचे दोन आठवडे संपले त्या दिवशीच शेवटची बस परत आली. दहा मिनिटं उशिरा, धावत. शिडी आली, खारीकडे बघून भुवई उडवली, आणि फळ्यावर तपासणीची पाळी कुणाची ते वाचलं. मास्तरांनी तिथे तिचं नाव लिहून ठेवलं होतं. मुद्दाम लिहिलं का, हे त्यांना विचारायची मावशीची हिंमत नव्हती.

रांग पुढे सरकली. शिडी कुणाला हात न लावता नीट वाकून बघत होती, मान, गुडघे, नखं. खार गेली. खारीच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी, मावशी. हातमोजे तिने काढून ठेवले होते. तिचे उघडे हात कित्येक वर्षांत कुणी बघितले नव्हते. फिनेलने पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांना चिरा, उजव्या अंगठ्याचं नख वाकडं.

"मावशी, हात दाखवा," शिडी म्हणाली.

मावशीने हात पुढे केले. चिरांमुळे नुसत्या नजरेने काही समजत नव्हतं. शिडीने ते हात स्वतःच्या हातांत घेतले, उलटे केले, बोटांच्या बेचक्यांत बघितलं, अंगठा वळवून नखाखाली बघितलं. घाई केली नाही. साबणाबद्दल मावशी काही बोलणार होती, रात्रभर वाक्य जुळवून आली होती. 

"स्वच्छ आहेत," शिडी म्हणाली. "जा आत."

मग तिने पिशवीतून हिरवी साबणदाणी काढली, नळावर गेली आणि मनगटापर्यंत हात धुतले. चांगला फेस काढून, बोटाबोटांच्या मधे. रांगेत मागे आता कुणीच नव्हतं. मावशी निळी बादली हातात घेऊन ते शेवटपर्यंत बघत उभी राहिली, आणि मग गादी पुसायला आत गेली.